पाचव्या चाकालाही फिरू द्या

मैत्रिणींनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या दारात उभ्या असलेल्या जीपला चाकं किती?

"चार! त्यात काय विचारायचं?" असंच तुम्ही म्हणणार. मीसुद्धा तेच म्हटलं असतं. दसऱ्याला आपण गाडी धुऊन-पुसून लख्ख करतो, हळदी-कुंकू लावतो, चार चाकांखाली चार लिंबं ठेवतो. मागच्या दाराला टांगलेल्या पाचव्या चाकाच्या, म्हणजे स्टेपनीच्या वाट्याला फार तर झेंडूची एक माळ येते. दसरा संपला की ती माळ सुकते आणि ते चाकही आपल्या ध्यानातून जातं. घरातल्या पाहुण्यांच्या गादीसारखं त्याचं असतं. आहे हे माहीत असतं. पण कशा अवस्थेत आहे ते कुणी उलगडून बघत नाही.

"हे काय बाई, स्वयंपाकघर सोडून गाडीच्या चाकांत कशाला डोकं घालायचं?" असं काहीजणी म्हणतील. पण दुधाचा, किराण्याचा, मुलांच्या फीचा हिशेब आपण ठेवतो. मग घराच्या खर्चात सोन्यानंतर ज्याचा नंबर लागावा अशा गाडीचा हिशेब आपणच का ठेवू नये? आणि मी हे हौसेनं शिकले नाही. एका रात्रीनं मला शिकवलं.

आमच्या निलंग्याच्या बाजूला उंच, दणकट, चारही चाकांना जोर देता येणारी गाडी असली, की ती कुठल्याही कंपनीची असो, तिला जीपच म्हणतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू झाली, तेव्हापासूनचं हे नाव जिभेवर बसलंय. २००० साली बोलेरो आली, २०१० मध्ये थार आली, तरी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, "जीप काढा" असंच म्हणतात. आणि ती लागतेच. हा काळ्या रानाचा मुलूख. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात पाणंदीला असा चिखल, की चप्पल पायाबरोबर वर येत नाही. तुरीच्या, सोयाबीनच्या रानात जायचं तर दोन चाकांच्या जोरावर भागत नाही.

ती रात्र

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेअकराला मामंजींच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, डावा हात जड पडला. इथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "थांबू नका, लातूरला न्या." लातूर सुमारे पन्नास किलोमीटर. ह्यांनी जीप काढली. मागच्या सीटवर मामंजींचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले.

लामजन्याच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर! पाऊस भुरभुरतच होता. ह्यांनी दहा-बारा मिनिटांत स्टेपनी चढवली. ती थोडी दबलेली दिसत होती, पण त्या वेळी हवा कुठून भरणार? आम्ही तसेच निघालो. लामजना मागे पडलं, औसा काही यायचं होतं, आणि धाडकन आवाज आला. स्टेपनीची कड उभी फाटली होती. आता लावायला सहावं चाक नव्हतं.

मी १०८ ला फोन लावतच होते, तेवढ्यात दुधाचा एक टेम्पो थांबला. त्या भल्या माणसानं कॅन बाजूला सारले, मामंजींना पुढं बसवलं आणि लातूरला पोचवलं. वेळेत पोचलो, म्हणून मी आज हे शांतपणे लिहिते आहे. मामंजी आता रोज सकाळी फिरायला जातात. पण त्या रस्त्यावरची ती वीस-पंचवीस मिनिटं माझ्या अंगातून अजून गेलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते फाटलेलं चाक पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. बारीक बारीक भेगा होत्या, अगदी उन्हात वाळलेल्या पापडासारख्या. नक्षी मात्र कोरी करकरीत! तो म्हणाला, "वहिनी, हे टायर झिजून गेलं न्हाई. बसून बसून गेलं. सात वर्सं नुसतं टांगून ठिवलाव तुम्ही त्याला."

मग त्यानं टायरच्या कडेवर छापलेले चार आकडे दाखवले : २३१७. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेलं टायर. गाडी घेतल्यापासून ते एकदाही रस्त्याला टेकलं नव्हतं. ऊन, वारा, पाऊस मात्र त्यानं सगळा सोसला होता. आम्ही समजत होतो, आपल्याकडे एक नवं कोरं चाक राखीव आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे एक म्हातारं चाक होतं, नव्याच्या वेषातलं.

पेटीतल्या जरीच्या साडीचं नाही का असंच होत? जपायची म्हणून नेसायची नाही, आणि पाच वर्षांनी काढावी तर नेमकी घडीवर उसवलेली. म्हणून शहाणी बाई मधूनमधून साडी काढते, वारा देते, घडी मोडून दुसरीकडून घालते. रबराचंही असंच असतं. ते चाललं तर झिजतं; पण नुसतं बसलं तरी हवेनं आणि उन्हानं कडक होतं. आणि त्यातली हवा हळूहळू निघून जाते ती वेगळीच.

स्टेपनी हे नाव कुठलं?

जाता जाता एक गंमत सांगते. स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो आपलाच वाटतो. तो आला वेल्समधल्या लनेली नावाच्या गावातून. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गाडीला जादा चाकच नसे. टायर फुटलं की वाटेतच बसून दुरुस्त करायचं. १९०४ मध्ये त्या गावच्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक जादा धाव तयार केली. फुटलेल्या चाकाला ती बाजूनं आवळून बसवायची आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ती झाली स्टेपनी. तिकडे हा शब्द आता मागे पडला. आपल्या पंक्चरच्या दुकानांत मात्र तो ठणठणीत आहे.

ती मूळची स्टेपनी खरोखरच अडीनडीपुरती होती. जीपच्या पाठीवरचं आजचं चाक तसं नसतं. ते बहुतेक इतर चारांच्याच मापाचं, त्याच जातीचं, पूर्ण ताकदीचं चाक असतं. तेव्हा त्याला कायमचं बसवून ठेवायचं कारण नाही.

चाकं सारखी का झिजत नाहीत?

घरातल्या चार माणसांच्या चपला पालथ्या घालून बघा. कुणाची टाच झिजते, कुणाची बाहेरची कड. गाडीच्या चाकांचंही तेच. पुढची चाकं वळतात, म्हणून त्यांच्या कडा झिजतात. ब्रेक दाबला की भारही पुढंच येतो. एरवी आपली जीप चालते ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर, म्हणून त्यांची झीज निराळी. त्यात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणारे. समोरून ऊसाची ट्रॉली आली की डावी दोन चाकं खाली साइडपट्टीच्या खडीत उतरतात, आणि दगड-गोटे त्यांनाच जास्त लागतात.

म्हणून ठरावीक अंतरानंतर चाकांच्या जागा बदलायच्या. साधारणपणे दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला. म्हणजे सगळ्यांना सगळी कामं मिळतात आणि झीज सारखी होते. जावा-जावांनी स्वयंपाक, धुणं आणि रान आळीपाळीनं वाटून घेतलं, की एकीचीच कंबर मोडत नाही.

चार चाकांच्या जोराची गाडी वेगळी का?

साध्या गाडीत झीज कमी-जास्त झाली तर फार तर टायर लवकर बदलावं लागतं. पण चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत प्रकरण पोटातल्या यंत्रापर्यंत जातं. हे आम्हाला दुसऱ्या फटक्यानं कळलं, आणि तो फटका सर्वस्वी आमच्याच हातानं बसला.

त्या रात्रीनंतर आम्ही घाईनं दोन नवी टायरं आणली आणि पुढं बसवली. मागची तशीच, पुष्कळ झिजलेली. पुढच्याच महिन्यात पाऊस पडून गेल्यावर रानातून येताना ह्यांनी चार चाकांचा लिव्हर टाकला. गाडी चिखलातून छान निघाली. डांबरी रस्ता लागला, बोलण्याच्या नादात लिव्हर काढायचा राहिला, आणि सहा-सात किलोमीटर तशीच आणली. स्टिअरिंग जड झालं, खालून कटकट आवाज यायला लागला, आणि घराशी येऊन लिव्हर काढू म्हटलं तर तो निघेना! गाडी सरळ थोडी मागं घेतल्यावर निघाला खरा. पण आतून आवाज यायचा तो यायचाच. शेवटी ट्रान्सफर केस उघडावी लागली. एका एकरातल्या सोयाबीनचे पैसे त्यात गेले.

असं का झालं, ते मी मेकॅनिककडून समजून घेतलं. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या आसांना वाटून देणारी जी पेटी असते, ती ट्रान्सफर केस. आपल्याकडच्या पुष्कळशा अशा गाड्यांत लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना पक्के जखडले जातात. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एकानं जास्त आणि दुसऱ्यानं कमी घ्यायची सोय नाही. एका जुवाला दोन बैल जुंपले, एकाचं पाऊल लांब आणि दुसऱ्याचं आखूड, तर ओढाताण मानेवर येणार. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ती ओढाताण सुटते. डांबरावर चाक घसरत नाही; मग सगळा ताण पोटातल्या दात्यांवर येतो. वळणावर तर तो आणखी वाढतो, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं निरनिराळं अंतर कापतात. म्हणून अशा गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांचा लिव्हर कधीही ठेवू नये, हा पहिला नियम.

आता फरक किती पडतो ते पाहा. मी शाळेत मुलांना परिघाचं सूत्र शिकवते. त्या दिवशी ते स्वतःसाठी वापरलं. चाकाची त्रिज्या ३५० मिलिमीटर धरा. परीघ झाला २,२०० मिलिमीटर. नक्षी ७ मिलिमीटर झिजली की त्रिज्या ३४३, आणि परीघ २,१५६. दिसायला फरक चार-साडेचार सेंटिमीटरचा, म्हणजे दोन बोटं. पण एक किलोमीटर जायला नवं चाक सुमारे ४५४ फेरे घेतं आणि झिजलेलं ४६३. किलोमीटरमागे नऊ फेऱ्यांचा फरक! निलंगा ते लातूर जाईपर्यंत साडेचारशेहून अधिक. हिशेब ढोबळ आहे, कारण भाराखाली टायर दबतं. पण दोन आस जखडलेले असताना हे फेरे कुठंतरी जिरावे लागतात, ते आमच्या खिशात जिरले.

ज्या गाड्यांत कायमच चारही चाकांना जोर असतो, त्यांच्यात तर सांभाळून राहावं लागतं. चार टायरांच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असं त्यांचे बनवणारे सांगतात. आणि हाच नियम स्टेपनीलाही लागतो. समजा चार चाकं अर्धी झिजली आणि तुम्ही कोरी करकरीत स्टेपनी चढवून चिखलात लिव्हर टाकला, तर त्या चाराच्या मेळात एक परका आला. तो परका होऊ नये म्हणूनच त्यालाही आधीपासून फिरवायचं.

पाच चाकांची संगीत खुर्ची

लहानपणीची संगीत खुर्ची आठवते ना? खुर्च्या चार, मुलं पाच. दर वेळी एकजण बाहेर बसतो. इथंही तसंच, फक्त बाहेर बसलेला पुढच्या डावात परत येतो. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या आणि चार चाकांच्या जोराच्या गाड्यांसाठी क्रम असा :

स्टेपनी जाते मागच्या उजव्या जागी.
मागचं उजवं जातं पुढं उजवीकडे.
पुढचं उजवं तिरकं जातं मागं डावीकडे.
मागचं डावं जातं पुढं डावीकडे.
पुढचं डावं जातं पाठीवर, विश्रांतीला.

(उजवं म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचं.) पाच डाव झाले की प्रत्येक चाक पाचही जागा फिरून येतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

या क्रमाची मोठी सोय अशी, की एकाच जॅकवर घरी काम होतं, कारण हातात एक मोकळं चाक आधीच असतं. स्टेपनी उतरवा. मागचं उजवं काढा, तिथं स्टेपनी लावा. निघालेलं चाक घेऊन पुढं जा, पुढचं उजवं काढा, तिथं ते लावा. असं एकेक करत शेवटी पुढचं डावं निघालं की ते पाठीवर टांगा. एका वेळी गाडीचा एकच पाय वर. चाक मात्र जड असतं, पंचवीस-तीस किलोचं, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढं. एकटीनं उचलायचं धाडस करू नका, दोघांनी धरा.

करताना एवढं सांभाळा :

गाडी सपाट, कठीण जागी उभी करा. काळ्या मातीत जॅक टेकवू नका. तो एका बाजूला खचतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी लावा.

नट थोडे सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. वर उचलल्यावर पाना मारला तर गाडी जॅकवरून सरकू शकते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालू नका. मुलांना त्या वेळी अंगणाबाहेर काढा.

नट घट्ट करताना ओळीनं नव्हे, एक सोडून एक असे आवळा. आधी हलके, चाक खाली टेकल्यावर पूर्ण. नटांच्या आट्यांना तेल-ग्रीस चोपडू नका. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. दुकानात यंत्रानं नट आवळले असतील तर शेवटचा पीळ हाताच्या पान्यानं द्यायला सांगा. नाहीतर रात्रीच्या अंधारात घरच्या पान्यानं ते नट सुटत नाहीत आणि माणूस रडकुंडीला येतो.

जागा बदलल्यावर हवा तपासा. पुढची आणि मागची हवा बहुतेक वेगळी असते. आकडे चालवणाऱ्याच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असतात. हवा थंड टायरमध्येच मोजावी. स्टेपनीत पुढच्या-मागच्यापैकी जो आकडा मोठा, तेवढी हवा ठेवा. कमी करणं वाटेत जमतं, भरणं जमत नाही.

आगपेटीची काडी आणि एक वही

नक्षी मोजायला यंत्र मिळतं, फार महाग नसतं. ते नसेल तर आगपेटीची काडी चालते. नक्षीच्या खाचेत काडी उभी टेकवा, वरच्या कडेशी नखानं खूण करा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी : आतली कड, मध्य, बाहेरची कड. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपलं. आपल्या कायद्याची मर्यादाही तीच. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या मर्यादेपर्यंत ताणू नये.

झीज बोलते, फक्त ऐकायला हवं. मध्यच झिजला तर हवा जास्त असते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर चाकांची रेषा बिघडली आहे, अलाइनमेंट करायला हवी. नुसती जागा बदलून हे दुखणं बरं होत नाही. ते दुसऱ्या चाकाला लागतं, एवढंच. आधी कारण काढा, मग चाकं फिरवा.

मी एक शंभर पानी वही घातली आहे. तारीख, किती किलोमीटर झाले, पाच चाकांच्या पाच नक्ष्या, आणि कोण कुठून कुठं गेलं. चाकांना मी खडूनं नंबर देते आणि लगेच वहीत उतरवते. आता पंक्चरवाला विचारतो तेव्हा हे माझ्याकडे बघतात, आणि मी वही उघडते!

पण कधी फिरवू नये?

सांगितलं म्हणून उठलं आणि फिरवलं, असं मात्र करू नका. काही गोष्टी आधी बघा.

चार चाकं बरीच झिजली आहेत आणि स्टेपनी कोरी आहे, तर आता मध्येच तिला मिसळू नका. पुढच्या वेळी पाचही टायरं बरोबर घ्या आणि तेव्हापासून पाचांचा फेरा सुरू करा. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर आजही चालेल.

स्टेपनी म्हातारी आहे का ते बघा. चार आकडे वाचा. पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी जाणत्याला दाखवा. दहा वर्षांपुढचं टायर कितीही कोरं दिसलं तरी ठेवू नका. कडेला भेगा असतील तर वयाचीही वाट पाहू नका.

टायरच्या कडेवर बाण असेल तर ते एकाच दिशेनं फिरण्यासाठी बनवलेलं आहे. ते डावीकडून उजवीकडे नेऊ नये. तेव्हा पुढचं मागं, मागचं पुढं एवढंच करायचं.

आणि स्टेपनी त्याच मापाची आहे ना, हे नक्की करा. आता पुष्कळ गाड्यांना बारीक, अडीनडीचीच स्टेपनी येते. तिच्यावर वेगाची मर्यादाही छापलेली असते. ती फेऱ्यात घ्यायची नाही. कधी चार चाकं मिश्रधातूची आणि स्टेपनी साध्या लोखंडाची असते. तेव्हा दोन्हींना तेच नट चालतात का, हे पुस्तकात बघा. २०२० मध्ये तर नियमच बदलला. टायरला ट्यूब नसेल, हवा कमी झाल्याची सूचना देणारी सोय असेल आणि दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर छोट्या गाड्या स्टेपनीशिवायही विकता येतात. शहरात ते ठीक असेल. पण कासारशिरसी नाहीतर औराद शहाजानीच्या आडरस्त्याला टायरची कडच फाटली, तर त्या संचाचं काय करणार? म्हणून नवी गाडी घेताना रंग आणि सीटची कव्हरं बघून झाली, की एकदा विचारा, "पाचवं चाक आहे का? आणि ते चारांच्या मापाचं आहे का?"

पैशाचा हिशेब

आता शेवटचा आणि आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. यात बचत किती?

चमत्कार काही होत नाही, हे आधी सांगते. एक टायर ५०,००० किलोमीटर चालतं असं धरा. चारच फिरवली तर ५०,००० नंतर चार नवी घ्यायची. पाच फिरवली तर तीच मजल ६२,५०० वर जाते, पण मग पाच घ्यायची. म्हणजे टायरमागे हिशेब सारखाच. मग फायदा कुठं? फायदा त्या पाचव्यात. त्याचे पैसे आपण गाडी घेतानाच मोजलेले असतात. टांगून ठेवलं तर ते न चालताच म्हातारं होतं आणि भंगारात जातं. फिरवलं तर त्याच्याकडून बाकीच्यांइतकंच काम मिळतं. आयतं मिळालेलं १२,५०० किलोमीटर!

पाच टायरं एकदम घ्यायची म्हणजे पोटात गोळा येतो, हे खरं. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशेब घातला आहे. दर महिन्याला थोडे पैसे 'चाकांचे' म्हणून बाजूला काढते, जशी आपण दिवाळीची भिशी लावतो. वेळ येईल तेव्हा कुणापुढे हात पसरायला नको.

पण खरं सांगू? माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा पैशाचा नाहीच. फिरत्या पाचांतलं जे चाक आज पाठीवर आहे, ते आठ-दहा हजार किलोमीटरमागे रस्त्यावर होतं. ते कसं चालतं हे आम्हाला माहीत आहे, त्याचे नट सुटतात हे माहीत आहे, त्यात हवा आहे हे माहीत आहे. उद्या रात्री पुन्हा कधी निघायची वेळ आली, तर आपल्या पाठीशी ओळखीचं माणूस आहे, असं वाटतं.

परवा आत्याबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आणि माझी मुलगी स्टेपनीला हवा भरत होतो. त्या म्हणाल्या, "काय करलालाव गं मायलेकी? दसरा तर लांब हाय." मी म्हटलं, "आत्या, हिची काळजी दसऱ्यापुरती घेतली, म्हणून त्या रात्री ती रुसली." त्या काही बोलल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि लेकीच्या हातातला पाईप धरायला आल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिन्याची किराण्याची यादी कराल ना, तेव्हा तेल-साखरेच्या खाली एक ओळ वाढवा : 'स्टेपनीची हवा बघणे.' पहिल्या महिन्यात एवढंच करा. चार आकडेही वाचून ठेवा. बाकीचं आपोआप सुचत जाईल.